चौथ्या मजल्यावरचा इन्व्हर्टर

लिफ्टमध्ये मी होतो, मेहुणा होता आणि आमच्या दोघांच्या मध्ये जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेला, वीस-बावीस किलोचा एक चौकोनी ऐवज होता. दार बंद होता होता तिसऱ्या मजल्यावरचे काका भाजीची पिशवी घेऊन आत शिरले. आमच्या लिफ्टमध्ये ‘४ व्यक्ती, २७२ किलो’ अशी पाटी आहे. काकांनी आधी पाटी वाचली, मग चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘काय आणलंत?’’ मी म्हणालो, ‘‘इन्व्हर्टर.’’ ठरवून नाही म्हणालो. शिंक यावी तसं ते आलं. मेहुण्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग पंख्याकडे बघत राहिला. काका खूश झाले. ‘‘बरं केलंत. गुरुवारी लाइट जायची कटकट गेली,’’ म्हणाले आणि तिसऱ्यावर उतरले.

चादरीत गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर होता.

खोटं बोलायची काही गरज नव्हती, हे मला चौथ्या मजल्यावर पोचायच्या आतच कळलं. पैसे माझे होते. घरात सांगितलेलं होतं. बायकोला आकडा माहीत होता, आईला साधारण माहीत होता, म्हणजे निम्मा. पण इन्व्हर्टर म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही, फार तर बॅटरी कुठली ते विचारतात. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर म्हटलं की आधी येतं ‘कोण वाजवतं?’, मग ‘किती पडला?’, आणि मग तो तिसरा, जो आपल्याकडे कोणी तोंडाने विचारत नाही, भुवईने विचारतात. सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाने फार तर ट्रेकिंगचे बूट घ्यावेत. त्याला डॉक्टरांचा पाठिंबा असतो.

तर तो अ‍ॅम्प. पीव्ही कंपनीचा ६५०५. ज्यांना हा आकडा माहीत आहे ते एव्हाना खुर्चीत पुढे सरकले असतील. बाकीच्यांसाठी एवढंच, की हा मूळचा ५१५०, १९९२ मध्ये अमेरिकन गिटारवादक एडी व्हॅन हेलनसाठी बनवलेला. ५१५० हे कॅलिफोर्नियातल्या कायद्याचं कलम आहे, वेडाच्या भरात स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशा माणसाला सक्तीने दवाखान्यात ठेवण्याचं. पुढे एडी आणि कंपनीचं फाटलं, नाव त्याच्याबरोबर गेलं आणि कंपनीने आपल्या चाळिशीची वर्षं, १९६५ ते २००५, जोडून त्याच यंत्राला ६५०५ म्हणायला सुरुवात केली. बायकोला ही गोष्ट मी मोठ्या उत्साहाने सांगितली. तिने फक्त कलम नीट लक्षात ठेवलं. आता शनिवारी दुपारी मी केबल सोडवत बसलो की ती फोनवर बहिणीला सांगते, ‘‘नाही गं, कलम लागलंय.’’

माझ्याकडे आला तो वाकडच्या एका मुलाकडून. अमेरिकेतून परत येताना घरच्या सामानाच्या कंटेनरमध्ये त्याने तो घालून आणला होता आणि आता बाळ झाल्यामुळे बाळाच्या खोलीतून तो काढायचा होता. नव्वद हजारांत सौदा ठरला. त्याने मला वाजवून दाखवला नाही, बाळ झोपलं होतं. दारापर्यंत सोडायला आला तेव्हा सारखं एकच सांगत होता, ‘‘स्पीकर जोडल्याशिवाय ऑन करू नका हं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल.’’ हे मला ठाऊक होतं, तरी मी तीनदा ‘हो’ म्हटलं. लेकीची पाठवणी करताना मुलीकडचे असंच काहीतरी सांगत असतात, तिला वांगं चालत नाही वगैरे.

आता मूळ ओढ कुठली, तर त्यासाठी १९९४ मध्ये जावं लागतं. अकरावीत होतो. गिव्हसनची साधी गिटार आणि तिच्या भोकात अडकवायचा, तारांचा आवाज टिपणारा एक स्वस्त पिकअप. अ‍ॅम्प नावाची वस्तू मी फक्त ‘रॉक स्ट्रीट जर्नल’मधल्या फोटोंत पाहिली होती. पण घरात बाबांचा टू-इन-वन होता आणि त्याला मागे मायक्रोफोनसाठी एक छिद्र होतं. पिन त्यात घालायची आणि रेकॉर्ड आणि पॉज ही दोन बटणं एकदम दाबायची. मायक्रोफोनच्या कुजबुजीसाठी केलेल्या त्या छिद्रात गिटारचा आवाज शिरला की त्याला तो झेपायचा नाही. सपाट, खरखरीत, मधमाश्यांचं पोळं छेडल्यासारखा एक आवाज यायचा आणि तार सोडली तरी लगेच मरायचा नाही, लांबत जायचा. कॅसेटवर ऐकलेला तो आवाज आमच्या सदाशिव पेठेतल्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून येत होता! मी दुपारी एक ते चार वाजवायचो, कारण तेव्हा बाबा ऑफिसात आणि आई शिकवणीला. शेजारी झोपलेले असायचे, पण ते तेवढ्यासाठी उठणारे नव्हते. त्या वेळात पुण्यात कोणी तक्रार करायलाही दार उघडत नाही.

एका सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्राच्या बातम्या लागल्या आणि निवेदिकेच्या प्रत्येक ‘र’ला पतंगाचा कागद फडफडला. बाबा दाढी करत होते. वस्तरा थांबवून म्हणाले, ‘‘आवाज फाटतोय.’’ मग जरा वेळाने, ‘‘काय झालं याला?’’ मी पुस्तकातून मान वर न करता म्हणालो, ‘‘काय माहीत.’’

त्यांनी टेप पिशवीत घालून बुधवार पेठेत नेला, स्पीकरचा कोन बदलून आणला. मला काहीच बोलले नाहीत. त्या दिवसापासून टेपच्या मागे फडक्याच्या पुरचुंडीत दोन डांबरगोळ्या मात्र असायच्या. झुरळांसाठी असतील असं मी धरून चाललो. त्या गोळ्या विरल्या की बाबा नव्या ठेवायचे, टेप बिघडून माळ्यावर जाईपर्यंत. अजूनही जुन्या इलेक्ट्रॉनिक्सचा वास म्हटलं की मला तापलेल्या धुळीबरोबर तो डांबरगोळीचा वास येतो.

पुढे वाचनात आलं की १९६४ मध्ये लंडनच्या किंक्स या रॉक बँडमधल्या डेव्ह डेव्हीसने असा फाटका आवाज काढण्यासाठी आपल्या छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कोन ब्लेडने मुद्दाम चिरला होता. जगात त्याचं नाव झालं. मी तेच काम वस्तऱ्याशिवाय केलं होतं आणि त्याबद्दल ‘काय माहीत’ म्हणालो होतो.

अ‍ॅम्प घरी आला, पण तो चालू करायला तीन आठवडे लागले. तो अमेरिकेचा, पाठीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असं कोरलेलं. आपल्या भिंतीत २३०. म्हणजे स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवा, म्हणजे बुधवार पेठेतली विजेच्या सामानाची तापकीर गल्ली. ज्या पुणेकराचं पोरगं अमेरिकेत आहे त्याच्या माळ्यावर असा एक स्टेप-डाऊन असतोच आणि त्याच्या शेजारी पहिल्याच दिवशी थेट भिंतीत लावल्यामुळे जळलेला एक कॉफीमेकर. दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, ‘‘मिक्सर का मसाजर?’’ या वेळी मी खरं सांगितलं. ‘‘अ‍ॅम्प्लिफायर.’’ तो म्हणाला, ‘‘मग हजार व्हीएचा घ्या. गाणंबजावणं वाढत जातं.’’ तो डबा अ‍ॅम्पच्या निम्म्याने तरी जड होता. तो घेऊन मी तुळशीबागेच्या गर्दीतून गाडीपर्यंत चालत आलो आणि वाटेत दोन बायकांनी मला पापडाचं यंत्र कुठे मिळतं ते विचारलं.

स्पीकर दोन घेतले, सेलेस्टियनचे व्हिंटेज ३०, प्रत्येकी साठ वॉटचे. एकावर भागलं नसतं, कारण अ‍ॅम्प १२० वॉटचा. एकाने तो सगळा घोट घेतला असता तर पुन्हा १९९४. सोळा-सोळा ओहमचे दोन समांतर जोडले की आठ ओहम होतात. मागचं निवडीचं बटण आठवर. एवढं गणित मला जमतं. कॅबिनेट सुताराकडून करून घेतलं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून अठरा मिलिमीटरचं मरीन प्लाय आणलं, मापं लिहून दिली. सुतार कागद उलटसुलट करून बघत राहिला. ‘‘आत काय ठेवणार?’’ म्हटलं, ‘‘काही नाही. पोकळ.’’ ‘‘मग खण?’’ ‘‘नको.’’ ‘‘दार?’’ ‘‘पुढून दोन गोल भोकं.’’ त्याचा चेहरा उजळला. ‘‘कबुतरांचं आहे होय!’’ त्यानंतर मी कितीही समजावलं तरी त्याच्या हिशेबाच्या पावतीवर ‘खुराडं – १’ असंच आलं. सांधे मात्र असे घट्ट केलेत, की वर उभं राहून दिवाळीची जळमटं काढता येतील. वरून काळं रेक्झिन नाना पेठेत रिक्षाचे हूड शिवणाऱ्याकडून लावून घेतलं. त्याने न सांगता कडेला पांढरी पायपिंग घातली. ती मला आधी खटकली, आता आवडते. समोरून बघितलं तर खुराड्यापेक्षा रिक्षाच जास्त वाटते.

चालू केला तो शुक्रवारी संध्याकाळी. आधी पॉवरचं बटण, आवाज अडवून धरणारा स्टँडबाय तसाच. लाल दिवा लागला. जाळीच्या आड काचेच्या नऊ बाटल्या, म्हणजे व्हॉल्व, पाच बारक्या आणि चार लठ्ठ. बारक्या १२एएक्स७, लठ्ठ ६एल६. बराच वेळ काहीच होत नाही. मग प्रत्येक बाटलीच्या पोटात तांबूस ठिणगीएवढा उजेड दिसायला लागतो, निरांजन लावल्यावर आधी वात नुसती लाल होते तसा. लहानपणी मामाकडे व्हॉल्वचा रेडिओ होता, तो लावला की आधी असंच थांबावं लागायचं; आवाज लांबून चालत आल्यासारखा यायचा. मिनिटभर थांबून मी स्टँडबाय सोडला आणि खोलीत एकदम कोणीतरी आल्यासारखं झालं. अजून गिटार हातात घेतलीच नव्हती. नुसता तो अ‍ॅम्प तिथे जागा होता, हे अंगाला कळत होतं. तापलेल्या काचेवर वाकडची धूळ जळाल्याचा वास सुटला. ओळखीचा वास, पण त्यात काहीतरी कमी होतं. काय ते तेव्हा लक्षात आलं नाही.

या बाटल्यांमध्ये नक्की काय होतं, ते मी इतक्या लोकांना इतक्या वेळा समजावलं आहे, की आता घरात कोणी समोर बसत नाही. तरी सांगतो. १२एएक्स७च्या एका बाटलीत दोन ट्रायोड असतात. पहिला गिटारचा चिमुकला सिग्नल मोठा करून दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. साध्या अ‍ॅम्पमध्ये हे बेताने होतं. हाय-गेन म्हणतात त्यात प्रत्येक जण पुढच्याला मुद्दाम झेपणार नाही इतकं देतो. लाटेचा माथा बाटलीच्या छताला आपटतो, चपटा होतो, आणि त्या चपटेपणातून मूळ सुरात नसलेले, पण त्याच्याच नात्यातले वरचे सूर बाहेर पडतात. पुढचा ट्रायोड त्या सुरांनाही फुगवतो. शेवटी तारेवर नुसतं बोट घासलं तरी गोधडी फाडल्यासारखा आवाज येतो. लोक याला डिस्टॉर्शन म्हणतात. बाबांचा शब्द जास्त नेमका होता.

पण त्या शुक्रवारी त्या सगळ्याच्या आधी घरघर आली. जाड, सलग, जमिनीतून आल्यासारखी. आई शेजारच्या खोलीत होती. आई पंचाहत्तर पूर्ण आहे, चाळीस वर्षं गाणं शिकवलं, आता शिकवणी नाही, पण मिरजेचा तंबोरा अजून तिच्या पलंगाशेजारी उभा असतो. ती दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, बंद कर म्हणेल. ती म्हणाली, ‘‘पांढरी पाच. पण जरा चढा लागलाय.’’

मी मोबाइलवर मोजलं. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, अ‍ॅम्पमध्ये सरळ होताना त्याचे शंभर होतात. पेटीची पांढरी पाच त्या सप्तकात अठ्ठ्याण्णववर असते. दोनाचा फरक होता आणि आईच्या कानाने तो भिंतीपलीकडून धरला होता. अमेरिकेत वीज साठाची, म्हणजे तिकडे हाच अ‍ॅम्प १२०वर घरघरत असणार, पांढरी सातच्या थोडा खाली. इकडे येऊन त्याने सूर बदलला होता. हे मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘मग तिकडेही बेसूरच होता की.’’

मी वाजवायला लागलो. म्हणजे काय, तर आवाजाचं बटण शून्य आणि एक यांच्या मध्ये कुठेतरी. हे दुःख ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच ठाऊक. हे स्पीकर एका वॉटला मीटरभर अंतरावर शंभर डेसिबल देतात. एका वॉटला! उरलेल्या ११९ वॉटचं कोथरूडच्या टू-बीएचकेमध्ये मी काय करणार होतो, हा प्रश्न मला पैसे देण्याआधी पडायला हवा होता, आणि पडलाही होता. मी स्वतःला असं समजावलं होतं, की निम्मे वॉट म्हणजे काही निम्मा आवाज नाही, फक्त तीन डेसिबल कमी. तेव्हा साठ काय नि १२० काय. गणित बरोबर आहे. पण त्या गणिताचा उपयोग मी जसा केला तसा घोड्यावर पैसे लावणारे करतात. बटण केसभर फिरवलं की खिडकीच्या काचा, केसभर मागे घेतलं की डास. त्या दोन केसांमध्ये मी तीन महिने राहतोय.

आणि याच वेळी, म्हणजे ऐन जुलैत, नदीपात्राच्या बाजूने रोज संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव ऐकू येत असतो. शंभरेक ढोल. आमच्या काचा त्यानेही वाजतात. त्याबद्दल सोसायटीच्या ग्रुपवर कधीमधी कुरकुर होते आणि खाली दहा जण टाळ्यांची चित्रं टाकतात. मला ढोलाबद्दल तक्रार नाही. ताशाची तर्री जमून आली की मीही गॅलरीत जाऊन उभा राहतो. पण आवाज किती यापेक्षा तो कुणाचा यावर आपल्याकडे त्याचा त्रास ठरतो, एवढं माझ्या त्या केसभर बटणापाशी बसून मला पक्कं कळलं. माझ्या आवाजाला अजून गणपती सापडलेला नाही.

आई रोज ऐकायची. मला वाटायचं, सहन करते. एक दिवस म्हणाली, ‘‘तू सा आणि प एकदम धरतोस ना, ते छान भरतं. खर्जातला सा आपोआप बोलतो खाली. गंधार मिसळलास की कालवाकालव.’’ मी गिटार खाली ठेवली. कारण जगभर या अ‍ॅम्पवर लोक हेच वाजवतात, षड्ज-पंचम, त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात, आणि तीस वर्षं मला कोणी ते का हे इतकं सरळ सांगितलं नव्हतं. दोनास तीन असं त्या सुरांचं नातं. फाटताना त्यांच्या वजाबाकीतून एक सूर पडतो, तो बरोबर खालचा सा. गिटारचे पडदे सारख्या मापाने ठोकलेले, त्यांत पंचम जवळजवळ खरा निघतो आणि गंधार चढा, पेटीवर असतो तसाच चढा. साध्या आवाजात ते खपून जातं. फाटक्या आवाजात प्रत्येक चूक दहापट होऊन भांडायला येते. आईने तंबोऱ्याच्या घोडीवरचं सूत बोटाने किंचित सरकवलं, तार छेडली, आणि त्या सपाट तारेतून तो किरकिरता, सोनेरी झणकार उठला. ‘‘ही जवारी. तार घोडीला घासते म्हणून हे येतं. सूत काढलं तर शुद्ध सूर राहतो, पण तो कुणाला हवाय?’’ एवढं बोलून तिने मालिका लावली.

मग तो गुरुवार आला.

सकाळी दहाला लाइट गेली, गुरुवारी जाते तशीच. मी घरून काम करत होतो. साडेदहाला बेल वाजली. दारात काका, हातात नेब्युलायझर, गुंडाळलेली वायर काखेत. ‘‘हिला जरा लागलंय रात्रीपासून. तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे ना, दहा मिनिटं लावतो.’’ काकूंना दमा आहे हे मला माहीत होतं. काकांचा श्वासही जिना चढून लागलेला. मी ‘इन्व्हर्टर’ हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला आणि माझ्या पोटात काहीतरी सांडलं. ‘‘काका, इन्व्हर्टर नाहीये,’’ म्हणालो. ते म्हणाले, ‘‘चार्जिंग संपलं?’’ मी काही उत्तर न देता त्यांच्या हातातून यंत्र घेतलं आणि चार मजले धावत खाली गेलो. तळमजल्यावर दातांचा दवाखाना आहे, त्यांच्याकडे बॅकअप आहे. मेहुण्याला फोन केला, तो गाडी घेऊन जवळच होता, त्याने खुर्चीवर बसवून काकूंना उतरवायला मदत केली. पंधरा मिनिटांत त्या बऱ्या झाल्या. दातांच्या खुर्चीत बसून वाफ घेताना त्यांनी मला हाताने ‘जा तू’ अशी खूण केली. मी गेलो नाही. तिथे लहान मुलांसाठी भिंतीवर हसऱ्या दातांचं चित्र होतं, ते बघत उभा राहिलो.

संध्याकाळी काका स्वतःच वर आले. ‘‘दाखवा बघू तुमचा इन्व्हर्टर.’’

काका पिंपरीतल्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं मेंटेनन्सला होते, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी अ‍ॅम्पला हात लावायच्या आधी त्याच्याभोवती एक फेरी मारली. जाळीतून वाकून पाहिलं. ‘‘व्हॉल्व! अजून बनतात?’’ मी सांगितलं, या चार स्लोव्हाकियाच्या आहेत. बाकी रशिया आणि चीन. २०२२च्या मार्चमध्ये रशियाने निर्यात थांबवली तेव्हा जगभर भाव चढले होते. ‘‘आपल्याकडे बंगळुरूला बीईएल बनवायची,’’ ते म्हणाले. ‘‘रेडिओत तेच असायचे.’’ मग स्टेप-डाऊनवर तळवा ठेवला, अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरजवळ ठेवला. ‘‘साठ हर्ट्झचा माल आहे. पन्नासवर जास्त तापणार. सलग चालवू नका.’’ मग खिशातून टेस्टर काढला (खिशात टेस्टर ठेवून शेजाऱ्याकडे येणारी पिढी आता जवळजवळ संपली) आणि बोर्ड तपासला, स्टेप-डाऊनचा सॉकेट तपासला. ‘‘अर्थ कुठाय?’’ अ‍ॅम्पच्या वायरला तिसरी पिन होती, डब्यालाही तिसरं भोक होतं, पण त्या भोकाच्या मागे काहीच जोडलेलं नव्हतं. ‘‘आत किती व्होल्टेज?’’ चार-पाचशे, मी सांगितलं. काका काही बोलले नाहीत. खाली जाऊन हिरवी वायर घेऊन आले आणि डबा उघडून मांडी घालून बसले. मी त्यांना बॅटरी धरून उजेड दिला. लाइट होती, तरी त्यांना बॅटरीच हवी होती.

वायर जोडून झाल्यावर चालू केला. घरघर एकदम तळाशी गेली, नुसती श्श राहिली. आतून आईचा आवाज आला, ‘‘पाच गेला.’’

‘‘वाजवा,’’ काका म्हणाले. मी षड्ज-पंचम धरला आणि त्या दिवशी बटण एक केस पुढे सरकवलं. तार लांबत गेली, काचा थरथरल्या, आणि काका कान तिरका करून, डोळे बारीक करून, मशीनचं बेअरिंग ऐकावं तसं ऐकत राहिले. आवाज विरेपर्यंत थांबले. मग अतिशय हळुवारपणे, डॉक्टर वाईट बातमी सांगतात तशा स्वरात म्हणाले, ‘‘फाटतोय हो.’’

मला हसू फुटलं. हसता हसता मी सगळं सांगून टाकलं. लिफ्टमधलं, टेपचं, रेकॉर्ड आणि पॉजचं, बाबांना ‘काय माहीत’ म्हणालो ते. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, आता सांगायला कोणी नव्हतं, म्हणून बहुतेक काकांना सांगितलं. ‘‘त्यांना कळलं असणार,’’ मी म्हणालो. ‘‘बोलले नाहीत फक्त.’’ बाबांचं ते मोठं मन मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

आई चहा घेऊन आली होती. ‘‘कसलं कळतंय,’’ ती म्हणाली. ‘‘मी त्यांना सांगितलं होतं, उंदराने कुरतडला.’’

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिला माझं वाजवणं माहीत होतं. शिकवणीहून ती एकदा लवकर आली होती आणि जिन्यात उभं राहून तिने ते ऐकलं होतं. आवडलं होतं का, विचारलं, तर म्हणाली, ‘‘छे. पण तू रोज बसत होतास.’’ दुकानातून टेप आणल्यावर बाबा म्हणे आठवडाभर पिंजरा लावून बसले होते. मग डांबरगोळ्या. शेवटपर्यंत त्या माणसाचा त्या उंदरावर विश्वास होता. काका हसून हसून खोकले, चहा सांडला, आई फडकं आणायला गेली.

काका हल्ली लिफ्टमध्ये भेटले की मोठ्याने विचारतात, ‘‘काय, बॅटरीत पाणी घातलंत का?’’ आणि बाकीचे माझ्याकडे जबाबदार गृहस्थ म्हणून बघतात. खरा इन्व्हर्टर मी गेल्या महिन्यात घेतला. त्यातून एक वायर तिसऱ्या मजल्यापर्यंत सोडली आहे. ती नियमात बसते का, ते काकांनी मला विचारू दिलेलं नाही.

काल संध्याकाळी अ‍ॅम्प लावला. लाल दिवा, थांबणं, बाटल्यांच्या पोटातला तांबूस उजेड. स्टँडबाय सोडायच्या आधीच वास आला, आणि या वेळी त्यात काही कमी नव्हतं. मी वाकून खुराड्याच्या मागे हात घातला. भिंतीच्या कडेला, वायर लागणार नाही अशा बेताने, फडक्याच्या पुरचुंडीत दोन गोळ्या होत्या. फडकं आईच्या जुन्या पातळाचं होतं. ती पलीकडे तंबोरा लावत होती. पंचम अजून किंचित उतरलेला होता, मी गिटार हातात घेऊन तो मिळायची वाट बघत बसलो.